हालचालीवर पेटणाऱ्या दिव्यामुळे समोर राहायला गेलेल्या वडिलांबाबत

प्रति,
मा. सहायक अभियंता,
घरगुती वीजबचत कक्ष,
वीज कार्यालय, पहिला मजला
(जिन्यातला दिवा गेलेला आहे, हे जाता जाता निदर्शनास आणत आहे).

विषय : हालचालीवर पेटणाऱ्या एलईडी दिव्यामुळे समोरच्या घरी गेलेले वडील परत मिळण्याबाबत, ते शक्य नसल्यास दिवा बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) ‘घरोघरी एलईडी’ हे आपण स्वतः दिलेले व्याख्यान.
२) अर्जदाराचा मागील अर्ज, जो आपण तत्परतेने मंजूर केलात आणि ज्यामुळे हा अर्ज करण्याची पाळी आली.

महोदय,

वरील विषय वाचून आपण अर्ज बाजूला सारण्यापूर्वी, किंवा हसून शेजारच्या टेबलावर वाचायला देण्यापूर्वी, अर्जदार पुढील हकीकत अत्यंत नम्रपणे आपल्यासमोर ठेवू इच्छितो.

१. अर्जदार हा पाणीपट्टी कार्यालयात आवक लिपिक असून लोकांच्या अर्जांवर शिक्का मारून ते आत पाठवणे हे त्याचे काम आहे. त्यामुळे ‘माझ्या अर्जाचं पुढे काय झालं हो?’ असे विचारणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो, हे त्याला चांगलेच ठाऊक आहे. सध्या तो चेहरा त्याला दाढी करताना दिसतो. आई पूर्वीच वारली, त्यामुळे घरात अर्जदार, त्याची पत्नी आणि वडील अशी तीन माणसे. वडिलांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी जन्मभर घड्याळे दुरुस्त केली, आणि दुकान बंद केल्यावरही ते खिडकीजवळच्या टेबलापाशी बसून कुणाकुणाची घड्याळे उघडत असतात. अर्जदाराला लहानपणापासून एक सवय आहे : जो ज्या खोलीतून उठेल, त्याच्या मागोमाग जाऊन तिथला दिवा बंद करणे. यावरून पत्नी त्यास ‘अंधारशेठ’ म्हणते. हे टोपणनाव खरे तर सरकारी कागदावर यायला नको होते, परंतु शेजारापाजारात आता तेच चालत असल्याने ओळख पटावी म्हणून नमूद केले आहे.

२. आपले व्याख्यान अर्जदाराने पहिल्या रांगेत बसून, एकदाही जांभई न देता ऐकले. एलईडी दिवा वीज थोडी खातो आणि उजेड भरपूर देतो. तो तापत नाही. वर्षानुवर्षे टिकतो, त्यामुळे स्टुलावर स्टूल ठेवून चढायची आणि खाली उभ्या असलेल्या पत्नीने ‘पडाल हो, पडाल!’ असे ओरडून खरोखर पाडायची वेळ वारंवार येत नाही. बटण दाबताच तो पूर्ण उजेड देतो, जुन्या ट्यूबलाइटसारखा आधी डोळे मिचकावत बसत नाही. हे सर्व फायदे अर्जदाराने पाठ केले आणि गल्लीत घरोघरी जाऊन सांगितले. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, या न्यायाने काहींनी दार लावून घेतले. तरी अर्जदार दाराबाहेरून उरलेले फायदे सांगत राहिला. आपण त्याला ‘ऊर्जामित्र’ असे संबोधलेत, हा त्याच्या आयुष्यातील सर्वात मोठा सन्मान होय. लग्नात मिळालेले घड्याळ त्याखालोखाल येते.

३. आपल्या योजनेत जुने बल्ब जमा करून त्याबदल्यात एलईडी दिवे मिळत होते. दिवे दोन प्रकारचे होते : साधे, आणि हालचालीवर पेटणारे. दुसऱ्या प्रकारच्या दिव्याला बटण लागत नाही. माणूस हलला की तो पेटतो, आणि काही वेळ कुणीच हलले नाही तर खोली रिकामी आहे असे समजून आपोआप विझतो. हे ऐकून अर्जदाराचे डोळे भरून आले. आपण आयुष्यभर जे काम पायपीट करून केले, ते करणारा कुणीतरी जन्माला आला आहे, असे त्याला वाटले. दिवे देणाऱ्या खिडकीवरच्या बाईंनी विचारले होते, ‘घरात म्हातारं माणूस आहे का? असेल तर साधाच न्या.’ त्यावर अर्जदाराने ‘का, म्हातारी माणसं हलत नाहीत का?’ असे उर्मट उत्तर दिले आणि सगळ्या घरासाठी हालचालवालेच दिवे उचलले. सदर बाईंची अर्जदार या अर्जाद्वारे माफी मागत आहे.

४. पहिले दोन-चार दिवस मजेत गेले. त्यानंतर असे लक्षात आले की, माणूस घरी आल्यावर बहुतेक वेळ स्थिर असतो. पत्नी दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याकडे टक लावून उभी राहिली, की दिवा जाई. दिवा गेला म्हणून ती वर बघे, तेवढ्यात दूध उतू जाई. न्हाणीघराबाबत अधिक तपशील देणे शोभणार नाही. एवढेच सांगतो की अर्जदार आत जाताना टॉवेल सोबत नेतो आणि तो डोक्यावर गरगर फिरवतो.

पत्नीचे मामा वारले तेव्हा नातेवाईक भेटायला आले. दुःखाच्या प्रसंगी सभ्य माणसे बोलत नाहीत, हलत तर मुळीच नाहीत. सगळे माना खाली घालून बसले आणि दिवा विझला. काळोखात मावशी किंचाळल्या, ‘आला गं बाई! भेटायला आला तो!’ पत्नीने घाईघाईने उभे राहून दोन्ही हात झाडले, दिवा लागला, आणि जमलेल्या सर्वांना मामांची सख्खी भाची भर बैठकीत नाचताना दिसली. माहेरच्या माणसांनी हा विषय अजून सोडलेला नाही.

४-अ. हा मुद्दा पत्नीच्या आग्रहावरून घालत आहे. तिचे शब्द : ‘दिवे चांगलेच आहेत. साहेबांना लिहा, दिव्यात खोट नाही. घरात अक्कल कमी आहे, तिला काही योजना असेल तर बघा.’

५. आता अण्णांविषयी. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे सारे कसब न हलण्यात असते, हे आपणासारख्या तंत्रज्ञ अधिकाऱ्यास सांगायला नको. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, चिमट्यात मोहरीएवढा स्क्रू धरून अण्णा बसले की, त्यांच्या खांद्यावर माशी बसली तरी ती डुलकी काढून जाते. सदर दिव्याने त्यांना माणूस मानण्यास साफ नकार दिला. ऐन वेळी काळोख होई, स्क्रू निसटे, आणि मग सगळे घर जमिनीवर रांगत स्क्रू शोधू लागे. त्या रांगण्याने दिवा छान पेटे. अर्जदाराने आपल्या कार्यालयाच्या वायरमनला विचारले की, अण्णांच्या हयातीचा दाखला दिव्याला दाखवता येईल काय. तो म्हणाला, ‘साहेब, दिवा वाचत नाही.’

६. यावर अण्णांनी स्वतःच उपाय शोधला. दर थोड्या वेळाने ते चिमटा खाली ठेवत, उजवा हात वर करीत आणि दिव्याकडे बघून जोरजोरात हलवीत. येथूनच पुढचे सगळे घडले, म्हणून आपण हा परिच्छेद कृपया सावकाश वाचावा. अण्णांचे टेबल खिडकीत आहे. गल्ली अरुंद आहे. समोरच्या खिडकीत शिवणकाम करणाऱ्या काकूंचे मशीन आहे. काकू एकट्या राहतात, आणि ऊर्जामित्राने तीनदा जाऊनही त्यांनी आपला जुना पिवळा बल्ब बदललेला नव्हता. ‘चालतोय ना? मग राहू दे. मीही जुनीच आहे,’ असे त्यांचे म्हणणे. संध्याकाळी मान वर करून पाहावे, तर समोरचे घड्याळजी आपल्याकडे बघून हात हलवताहेत, असे काकूंना रोज दिसू लागले. काही दिवस त्यांनी दुर्लक्ष केले. मग एका संध्याकाळी, माणूस एवढ्या चिकाटीने हात करतो आहे तर आपणही माणुसकी दाखवावी, म्हणून त्यांनीही हात केला.

अण्णांना वाटले, काकू बोलावताहेत. ते गेले.

७. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. समोर चहा झाला. काकूंच्या भिंतीवरचे घड्याळ बंद होते, ते अण्णांनी तिथल्या बल्बखाली बसून चालू केले. तो बल्ब, कुणी हलो वा न हलो, जळत राहिला. दुसऱ्या दिवशी अण्णा भिंग घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी, आणि त्यानंतर खुर्ची. खुर्ची डोक्यावर घेऊन गल्ली ओलांडणारे अण्णा सगळ्यांनी पाहिले. वाण्याने अर्जदाराला विचारले, ‘अण्णा वेगळे झाले का हो?’ अर्जदाराने ‘वीजबचतीचं काम चाललंय’ असे उत्तर देऊन वेळ मारून नेली. तेव्हापासून अण्णा सकाळी जात, जेवायच्या वेळी येत आणि हात धुतले की पुन्हा जात. दिवाबत्तीच्या बाबतीत मात्र अर्जदाराचे घर आदर्श झाले. घरात हलणारे माणूसच कमी झाल्याने वीजवापर इतका खाली आला की, मीटर बघायला आलेल्या माणसाने ‘गावाला गेला होतात का?’ असे विचारले.

८. आता संदर्भ क्र. २ चा खुलासा. अर्जदाराने असा निष्कर्ष काढला की, अण्णा त्या पिवळ्या बल्बसाठी जातात. तो बल्ब नाहीसा झाला की अण्णा घरी येतील. म्हणून त्याने आपल्याकडे अर्ज केला की, समोरच्या घरातील जुना बल्ब वीज खातो, तापतो व सार्वजनिक हिताच्या आड येतो, सबब तो बदलावा. पोटात एक आणि ओठात एक, असा तो अर्ज होता. आपण तो लगेच मंजूर केलात. इतर कार्यालये अर्जांवर झोपा काढतात, आपण नेमका हाच अर्ज जागेपणी वाचलात, हे अर्जदाराचे दुर्दैव. आपला वायरमन गेला, आणि सरकारी माणूस आला म्हणून काकूंनी मुकाट्याने बल्ब काढू दिला. त्याने साधा एलईडी बसवला, उबदार पिवळ्या उजेडाचा.

परिणाम असा झाला की काकू खूष झाल्या. काळ्या कापडावर काळा दोरा त्यांना कित्येक वर्षांनी नीट दिसला. पूर्वी बल्बखाली डोके तापून दुपारपर्यंत कपाळ ठणकायचे, ते थांबले. आपण व्याख्यानात सांगितलेला प्रत्येक फायदा त्या घरात तंतोतंत खरा ठरला. काकू आता गल्लीत एलईडीचा प्रचार करतात आणि लोक त्यांचे ऐकतात. एका घरी तर अर्जदाराला ‘तुमचं नको, काकू नीट समजावतात’ असे ऐकावे लागले. अण्णांचे तर विचारूच नका. त्यांना भिंगाशिवाय चाकाचे दाते दिसू लागले. ते परत आले नाहीत.

९. गेल्या रविवारी अण्णा जेवायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर काकूही आल्या. काकूंनी नवी साडी नेसली होती. अण्णांनी सदरा इस्त्रीचा घातला होता, हे लक्षण अर्जदाराने वेळीच ओळखायला हवे होते. जेवण निम्मे झाल्यावर अण्णा म्हणाले, ‘आम्ही दोघांनी लग्न करायचं ठरवलंय.’ हे ऐकून कुणीही हलले नाही. अर्थातच दिवा विझला. अंधारात पत्नी तेवढी म्हणाली, ‘अगं बाई, किती छान!’

महोदय, आपल्या कार्यालयाच्या एका दिव्यामुळे अर्जदारास या वयात सावत्र आई प्राप्त होत आहे. योजनेच्या माहितीपत्रकात फायदे आणि घ्यावयाची काळजी अशी दोन सदरे आहेत. दोन्हीकडे याचा उल्लेख नाही. अर्जदाराने ते आपल्या दोन कनिष्ठ सहकाऱ्यांकडूनही वाचून घेतले. काकू स्वभावाने चांगल्या आहेत. त्यांनी शिवून दिलेली पॅन्ट अर्जदार कार्यालयात घालतो. परंतु जिला मापे दिली, तिला आई म्हणायचे कसे, याचे मार्गदर्शन कुठेही मिळत नाही. पत्नीला विचारले तर ती म्हणते, ‘काकूच म्हणा. त्यांनी कुठे तुम्हाला मागितलंय?’

१०. दुसऱ्या दिवशी अर्जदार समोरच्या घरी गेला. काकू बटणे आणायला बाहेर पडल्या होत्या. त्या मुद्दाम गेल्या असाव्यात. अर्जदाराने अण्णांना स्पष्ट विचारले की, आता आमच्याकडेही साधे दिवे बसवतो, सगळे हालचालवाले काढून टाकतो, मग तर याल? अण्णांनी हातातले घड्याळ पुरे केले, झाकण बसवले, आणि मगच बोलले. त्यांचे शब्द अर्जदार जसेच्या तसे देत आहे, कारण आवक लिपिकाला आलेला मजकूर बदलण्याचा अधिकार नसतो.

‘अरे, दिव्याचं काय घेऊन बसलास? पूर्वी तू निदान दिवा बंद करायला तरी यायचास. यायचास, ओरडायचास, “अण्णा, अजून बसलाय?” म्हणायचास. मी मुद्दाम दिवा चालू ठेवून उठायचो कधीकधी, तू येशील म्हणून. नंतर ते कामही दिवाच करायला लागला. मग तू कशाला येशील? इथं ती मशीनवरून मान वर करते आणि विचारते, झालं का? बास. एवढंच आहे बघ.’

११. अर्जदार ‘येतो’ म्हणून उठला आणि दाराशी जाऊन, सवयीने, दिव्याच्या बटणाला हात लावला. अण्णा हसायला लागले. अर्जदारही हसला, आणि मग गल्ली ओलांडताना त्याला रडू आले, हे तो येथे लपवीत नाही. वाण्याने विचारले तेव्हा डोळ्यात काही गेल्याचे सांगितले.

१२. सबब, अर्जदाराच्या मागण्या खालीलप्रमाणे आहेत.

वडील परत मिळण्याची मागणी तो मागे घेत आहे. विषयात ती आधीच लिहिली गेली असल्याने खोडली नाही. खाडाखोड केलेला अर्ज अर्जदार स्वतः कुणाकडून स्वीकारत नाही. अण्णांचे लग्न पुढच्या महिन्यात नोंदणी कार्यालयात आहे. तिथे साक्षीदार लागतात. आपल्या व्याख्यानामुळेच हा योग आला असल्याने आपण यावे, अशी काकूंची इच्छा आहे. त्यांनी आपल्या कोटाचे माप विचारले आहे.

दुसरे असे की, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर येथील दिवे बदलून साधे एलईडी द्यावेत. ही मागणी पत्नीची असून ती नाकारल्यास होणाऱ्या परिणामांस अर्जदार जबाबदार नाही.

तिसरी मागणी खिडकीजवळच्या दिव्याची. अण्णांचे टेबल अर्जदाराने हलवलेले नाही. पत्नीने खाटेखालचे जुने स्टूल काढून तिथे ठेवले आहे, कारण खुर्ची समोर गेली. त्या टेबलावर एक साधा, न विझणारा एलईडी दिवा मिळावा. तो संध्याकाळी लावला जाईल आणि तिथे कुणी असो वा नसो, चालू राहील. समोरच्या खिडकीतून तो दिसतो, हे अर्जदाराने मेणबत्ती लावून तपासून पाहिले आहे. आपण व्याख्यानात हजार फायदे सांगितलेत, परंतु एक सांगायचा राहिला : हा दिवा इतकी थोडी वीज घेतो की, माणसाला कुणाची तरी वाट बघणे परवडते. तो दिवा उगाच जळताना दिसला तर आपल्या माणसांनी दंड करू नये, आणि अर्जदाराचे ऊर्जामित्र हे पद काढून घ्यायचे असल्यास खुशाल काढून घ्यावे. ते काकूंना द्यावे. अर्जदार रोज संध्याकाळी कार्यालयातून येऊन आपल्या हाताने तो दिवा लावील. बंद करायला तो उठणार नाही.

कळावे, उत्तराची घाई नाही, दिव्याची आहे.

आपला, आजवर अतिउत्साही आणि यापुढे नम्र,

(सही)
आवक लिपिक, पाणीपट्टी कार्यालय
(गल्लीत : अंधारशेठ)

दिनांक : ९ ऑक्टोबर

सोबत : हालचालीवर पेटणारे दिवे, तीन नग, सुस्थितीत.

ता. क. वायरमनला संध्याकाळी जेवायच्या वेळी पाठवावे. तेव्हा अण्णा आणि काकू घरी असतात, आणि टेबलावर दिवा नेमका कुठे हवा ते अण्णाच सांगतील.